मस्तीखोर म्हणून मार खाणारी मुलं

मुलगा अचानक मारकुटा झाला की शाळा पालकांना बोलावते आणि घरी त्याला आणखी दोन रट्टे बसतात. आधीच मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाचं याने फार नुकसान होतं.

सतत धोक्यात राहिलेल्या मुलाचं शरीर सावधच राहतं. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की तो वळतो तेच गुद्दा उगारून. का मारलंस, याचं उत्तर त्याला खरंच देता येत नाही. वर्गात त्याचं लक्ष फळ्याकडे नसतं, दाराकडे आणि सरांच्या चढणाऱ्या आवाजाकडे असतं. अभ्यास डोक्यात शिरत नाही, मग ‘चंचल’ हा शिक्का बसतो. अतिचंचलतेचं निदान करण्याआधी घरी, क्लासला काय चाललंय हे विचारायलाच हवं.

एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नका, बदल बघा. अंथरूण ओलं करणं थांबलेलं पुन्हा सुरू झालं, ठरावीक क्लासच्या दिवशीच पोट दुखतं, चाळीतल्या सार्वजनिक संडासाला एकटा जायला नकार देतो. तारीख, वेळ, समोर कोण होतं हे वहीत टिपत जा.

मुलगे बोलत नाहीत म्हणून त्यांच्यावर अत्याचार होत नाहीत असं नाही. 2007 च्या केंद्र सरकारच्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. स्पर्शाने शरीर आपोआप प्रतिसाद देतं आणि ‘म्हणजे मलाच हवं होतं’ ही लाज मुलाला आतून खाते. तसं होणं शरीराचा धर्म आहे, तुझी चूक नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

दहा बाय दहाच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारू नका. मैदानावर शेजारी चालत बोला. नजर भिडवावी लागली नाही की मुलगे मोकळे होतात. ‘त्याने हात लावला का?’ असं त्याच्या तोंडी उत्तर घालू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा, त्याचेच शब्द लिहून ठेवा. कुणाला सांगणार नाही, असं वचन मात्र देऊ नका.

कारण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा (2012) मुलग्यांनाही लागू आहे आणि माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मदत मिळते. जबाब घरी, साध्या वेशातल्या पोलिसांसमोर देता येतो. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा आणि लगेच रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात. उपचार तक्रारीसाठी अडवता येत नाहीत. पुढच्या समुपदेशनासाठी मुंबईतल्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत.

आणि ज्याचं नाव मुलाने घेतलं, तो क्लासचा सर असो की सख्खा मामा, त्या दिवसापासून मुलगा त्याच्यासोबत एकटा राहता कामा नये.