येडशीच्या वाटेवरची बाभूळ

मराठवाड्यात कोळी बघायला चाललोय म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "तिकडं जंगल तरी आहे का?" या प्रश्नाची मला मनापासून चीड येते. कोळ्याला जंगल लागतंच असं नाही. बोरी-बाभळी, दगडी ताली, कुसळी गवताचा माळ आणि पिकाच्या कडेला सोडलेली थोडी जागा, एवढ्यावर त्याचं भागतं. बालाघाटाच्या रांगेत हे सगळं ठायी ठायी आहे.

यंदा नवरात्र उरकता उरकता येडशीला गेलो. त्या दिवसांत सगळ्या रस्त्यांवर तुळजापूरला पायी निघालेल्यांची रीघ असते. धाराशिवात खोली मिळेना, आणि मिळाली तिथल्या गादीवर टेकवेना. रस्त्यावर मात्र दर थोड्या अंतरावर कुणीतरी चहा-पोहे घेऊन उभं. "आम्ही देवीला नाही निघालो हो" म्हटलं तरी प्लेट हातात येतेच. पैसे टाकून घेतलेली खोली आणि फुकट मिळालेले पोहे यांत माया कुठे होती, ते सांगायला नको.

रामलिंगला पहिला दिवस गेला. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, साधारण २२ चौरस किलोमीटरचं. खाली दरीत महादेवाचं मंदिर, जटायूची कथा, भरपूर वानरं आणि त्याहून भरपूर माणसं. पायऱ्यांच्या कडेला घाणेरीच्या दोन झुडपांमध्ये एका सिग्नेचर स्पायडरचं सुरेख जाळं होतं. मादी मधोमध, डोकं खाली, आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांनी फुलीसारखे पसरलेले आणि त्याच रेषेत पांढरी नागमोडी नक्षी. ही नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ती अतिनील प्रकाश परावर्तित करते, म्हणून कीटक फसत असतील असं काही म्हणतात. पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून असेल असंही म्हणतात. मी कॅमेरा काढेपर्यंत रीळ करणाऱ्या एका पोरानं काठीनं जाळं गुंडाळून मित्राच्या तोंडापुढं धरलं. सगळे हसले. मला तिथं थांबवेना.

आणि म्हणून कळंब रस्त्याला लागलो. तिथं ती बाभूळ भेटली.

रस्त्याला लागून सोयाबीनचं रान. पीक कापून गंजी लावलेली. बांधावरच्या बाभळीच्या फांद्यांना राखाडी, मळकट बोळे लटकलेले, त्यांत वाळकी पानं आणि भुंग्यांची कवचं गुंतलेली. कुणालाही वाटावं वाऱ्यानं अडकलेला कचरा. ते होतं स्टेगोडिफस सारासिनोरम या कोळ्याचं घर. घर म्हणजे अख्खी वस्ती, कारण हे कोळी एकत्र राहतात. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे, आणि त्यांतल्या कायम समूहानं राहणाऱ्या जाती जेमतेम वीस-पंचवीस. बाकीच्यांत शेजारी म्हणजे भक्ष्यच. एवढी दुर्मीळ रीत आपल्या बाभळीवर दिसते आणि आपण तिला कोळिष्टक म्हणून झाडून टाकतो.

दुपारी बघण्यासारखं फार काही नसतं. सगळे आत दडलेले. मी बोळ्याच्या तोंडाशी लेन्स लावून बसलो होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय हुडकायलास रं लेकरा?"

रानाच्या मालकीणबाई. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारीचा काष्टा घातलेला, हातात विळा.

"कोळी बघतोय आजी."

"त्येचं घर हाय ते. अंधारल्याबिगर भाईर येत न्हाईत." त्यांना सगळं ठाऊक होतं. "थांबायचं तर थांब. भाकरी खाऊन घे."

त्यांच्या सुनेनं गोठ्यावर धपाटे आणि दही दिलं. तिला माझी काळजी वाटत होती. "कोळी मुतला की अंगावर फोड येतेत, जवळ जाऊ नका." हे मी अनेक गावांत ऐकलंय, म्हणून तिला नीट समजावलं. कोळ्याच्या विष्ठेनं फोड येत नाहीत. पावसाळ्यात दिव्याला येणारा एक बारीक, काळा-नारिंगी भुंगेरा असतो. तो अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातल्या द्रवानं कातडी भाजल्यासारखी होते, आणि सकाळी दोष जातो घरातल्या कोळ्यावर. तिला ते लगेच पटलं, कारण तसला किडा तिनं बल्बखाली पाहिला होता.

दिवस मावळला आणि बोळ्याच्या भोकांतून एकेक कोळी बाहेर यायला लागला. सेंटिमीटरभरही नसतील, करड्या रंगाचे, पाय आखूड. दिवसभरात फाटलेलं जाळं सांधायचं काम सुरू झालं. हे कोळी धाग्याला चिकट गोंद लावत नाहीत. मागच्या पायांवर केसांची एक कंगव्यासारखी रांग असते, तिनं रेशीम विंचरून इतके बारीक तंतू काढतात की किड्याचे पाय त्यांतच गुरफटतात. पाय पुढं-मागं भराभर हलत होते. सगळ्यांचे एकदम, आणि कुणी कुणाला आडवं येत नव्हतं.

मग गंजीतून एक नाकतोडा उडाला आणि थेट जाळ्यात पडला. त्याच्यापुढं एकटा कोळी काहीच नाही. एक आला, थबकला. दुसरा आला. नाकतोड्यानं लाथ झाडली की सगळे स्तब्ध, तो थांबला की सगळे पुढं. बघता बघता दहा-बारा जमले. कुणी मागच्या पायाला धरलं, कुणी मिशीला, कुणी पोटाला. थोड्या वेळानं धडपड थांबली आणि सगळे एकाच ताटावर जेवायला बसले. मी फ्लॅशला कागदाचा पडदा लावून फोटो काढत होतो. वाऱ्यानं फांदी हलायची आणि मिलिमीटरभराचा फोकस सुटायचा. आजी शेजारी बसून माझ्यासाठी फांदी धरून राहिल्या, हात जराही न हलवता.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना फोटो मोठा करून दाखवला. मग राहवेना म्हणून पुढचंही सांगितलं: अंड्यांतून पिल्लं निघाली की आई स्वतःच्या पोटातलं पातळ अन्न तोंडावाटे त्यांना भरवते. तिचं शरीर आतून विरघळत जातं, आणि शेवटी पिल्लं तिलाच खाऊन मोठी होतात. याच्या आफ्रिकेतल्या भावकीत तर स्वतः अंडी न घातलेल्या माद्याही दुसरीच्या पिल्लांना असंच भरवतात.

आजी थोडा वेळ गप्प होत्या. "आन बाप?"

"नर फार थोडे असतात. आणि लवकर मरतात."

"मंजी बायामाणसाचंच घर हाय म्हन की."

वस्तीत माद्यांची संख्या नरांच्या कितीतरी पट असते, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. त्या बांधावर बसून ऐकताना मात्र मला भरून आलं. बाभूळ तोडणार नाही ना, असं विचारलं तर म्हणाल्या, "कशाला तोडू? शेंगा शेळ्यास्नी लागतेत."

रात्री परतताना कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात धुऱ्यावर वुल्फ स्पायडरचे डोळे हिरवट चमकत होते. एका मादीच्या पाठीवर पिल्लांची दाटी होती. अतिनील टॉर्च टाकला तर दगडाखाली विंचू हिरवा उजळला. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावसकर मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले. या मातीत विंचू किती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! बूट न घालता या माळावर रात्री फिरू नका, एवढं सांगतो.

पुढचे दोन दिवस कपिलधार आणि सौताड्यात गेले. धबधबे छान होते.

जाण्याआधी पहाटे पुन्हा आजींच्या रानात गेलो. दव पडलेलं. त्यांच्या बांधावरच्या गवतात हिप्पासा कोळ्यांची नरसाळ्यासारखी जाळी पांढरी चमकत होती, पावलागणिक एक. शेजारच्या बांधावर तणनाशक मारलेलं होतं. गवत करपून पिवळं, आणि जाळं एकही नाही. शेजारचे भाऊ भले होते, चहाही पाजला. म्हणाले, खुरपायला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही. पिकातल्या फवारणीबद्दल मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, त्यांचा हिशेब त्यांना ठाऊक. पण बांधावर तर पीक नसतं. तिथून रात्री पिकात उतरून तुडतुडे आणि अळ्या खाणारी ही जमात मजुरी मागत नाही. तेवढी हातभर पट्टी फवाऱ्यातून वगळा, असं मी त्यांना म्हणालो. पुढच्या हंगामात बघू, म्हणाले. पुढच्या हंगामात मी जाणार आहे.