देवगडात बसून गॅरेज ईपी रिलीज केला, त्याचा अनुभव

तीन ट्रॅकचा ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटा संच आहे. गॅरेज आणि हाऊस हे क्लबात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार. पहिला टू-स्टेप गॅरेज, १३२ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १३२ ठोके, दुसरा हाऊस १२४ चा आणि तिसरा १४० चा, नुसता जड बेस. तिन्ही देवगडला घरीच बनवलेत आणि पहिल्या ट्रॅकवर शेजारच्या वाडीतल्या भजनी बुवांचा आवाज आहे. ट्रॅक कसा बनवायचा याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने पडलेत, पण गावात बसून इथल्याच माणसाने गायलेलं गाणं जगभरच्या स्टोअरला कसं पोचवायचं, कागद कुठले लागतात, पैशाचं काय, हे मराठीत कुठे धड सापडलं नाही, म्हणून लिहितोय. लांबलंय थोडं, पण असू दे.

आधी गॅरेजच का ते. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गॅरेज क्लबात डीजे लॅरी लेवान जे वाजवायचा तिथून हे नाव आलं, मग नव्वदीत लंडनच्या डीजेंनी अमेरिकन रेकॉर्ड वेग वाढवून वाजवायला घेतल्या, त्यातून यूके गॅरेज निघालं. हाऊसमध्ये किक, म्हणजे ड्रमचा खालचा जड ठोका, प्रत्येक मात्रेवर पडते, टू-स्टेपमध्ये मधल्या किक काढून टाकतात आणि हाय-हॅट, म्हणजे ड्रमची छोटी झांज, किंचित मागे ओढतात, त्यामुळे चाल लचकते. लहानपणापासून शिमग्यातला ढोल ऐकलेल्या माणसाला ही लचक समजावून सांगावी लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि हे जुनं पुराणं संगीत नाहीये हां, २०२२ मध्ये इलायझा रोज आणि इंटरप्लॅनेटरी क्रिमिनलचं गाणं यूकेच्या चार्टवर एक नंबरला गेलं, त्यानंतर तर दर शुक्रवारी गॅरेजचं नवीन काहीतरी येतच असतं.

आता बुवा. आमचे बुवा डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, उभे राहतात, पांढरी चारमध्ये गातात, म्हणजे कीबोर्डवरचा एफ त्यांचा सा. त्यांना सांगितलं की एक आलाप हवाय, तर ते लगेच तयार झाले, पण पहिलीच अट घातली, "देवाचा नाव त्या नाचाच्या गाण्यात घालूचा नाय." मला ती अट पटली. म्हणून शब्द नाहीत, निव्वळ भीमपलासीतला आलाप आहे. रेकॉर्डिंग त्यांच्या माजघरात केलं, खिडकीला गोधडी लावून, पंखा बंद, आणि कोंबड्यांना मागच्या पडवीत हाकलून.

इथे एक बारकी गोष्ट सांगतो कारण ती कोणालाही उपयोगी पडेल. गॅरेजमध्ये सर्रास वापरतात ती कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची चाल मी आधी मांडून ठेवली होती, एफ मायनर आणि मग डी फ्लॅट. बुवांचा आलाप त्यावर ठेवला तर एका जागी कानाला टोचायचा. भीमपलासीत ग आणि नी कोमल, पण धैवत शुद्ध, म्हणजे एफच्या सा ला डी, आणि माझ्या कॉर्डमध्ये बसलेला डी फ्लॅट. दोघं एकमेकांच्या अंगावर येणारच. ऑटोट्यूनने बुवांचा धैवत खाली ओढणं दोन मिनिटांचं काम होतं, पण मग तो भीमपलासी कसला. डी फ्लॅटची कॉर्ड काढली, तिथे बी फ्लॅट मेजर घातली, तिच्यात शुद्ध डी आहेच. ट्रॅक एकदम मोकळा झाला, आणि ऐकणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडते ती जागा नेमकी हीच.

मग आलाप कापला. अमेरिकन प्रोड्युसर टॉड एडवर्ड्सने ही पद्धत रुजवली, आवाजाचे इवले इवले तुकडे करून त्यांचीच नवी सुरावट बांधायची. बुवांना ऐकवलं तर म्हणाले, "अरे झिला, माझो आवाज तुकडे तुकडे करून कित्याक घातलंस? आख्खो आलाप घाल मगे." मी म्हटलं, बुवानू, तुकडे राहू देत, पण मधे ढोलकं थांबतात तिथे तुमचा आख्खा आलाप लावतो. लावला. परत ऐकून म्हणाले, "ह्यां आता जमला."

मिक्सिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ बेसने खाल्ला. खालचा एफ म्हणजे साधारण ४४ हर्ट्झ, तो हेडफोनवर झकास वाटतो पण मोबाईलच्या स्पीकरवर त्याचा पत्ताच नसतो, आणि आमच्याकडे नव्वद टक्के गाणी मोबाईलवरच ऐकली जातात हे कोणीही सांगेल. त्याला उपाय म्हणजे बेसवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित फाटू देणं, त्याने वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे सूर तयार होतात, ८७, १३१, १७५, २१८ असे, मोबाईल त्यातले वरचे वाजवतो आणि खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो. ते झालं. पण मला गावातल्या बॉक्सवर पण ऐकायचं होतं, म्हणून बेंजो पार्टीवाल्या दादाकडे गेलो, त्याने शेडमध्ये अठरा इंची बॉक्स जोडून दिले, एक पैसा न घेता. तिथे खालचा लांब एफ वाजला की नुसती हवा यायची, सूर नाहीच, आणि सी ला मात्र, म्हणजे ६५ हर्ट्झला, पत्रे थरथरत होते. दादा म्हणाला आमच्या बॉक्सचा जोर तिथूनच सुरू होतो. घरी येऊन बेसलाइन फिरवली, लांब सूर सगळे सी वर, म्हणजे बुवांच्या पंचमावर, आणि खालचा एफ फक्त आखूड ठोक्यापुरता. सूर तेच, राग तोच, फक्त मुक्काम बदलला. मुंबईच्या इंजिनिअरने मास्टरिंग, म्हणजे रिलीजआधीचा शेवटचा हात, केलं तेव्हा बेसला हातच लावला नाही, फक्त ३० च्या खालचं उडवलं आणि १०० च्या खालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखं केलं. स्पॉटिफाय नॉर्मल सेटिंगला सगळ्यांना उणे १४ लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून ठेवतं, त्यामुळे उगाच पिळून पिळून मोठा आवाज करण्यात अर्थ नव्हता, पण क्लबमध्ये वाजायला दम पाहिजे म्हणून उणे ८ ला थांबलो.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण आमचा ट्रॅक यानेच वाचवला.

बुवांबरोबर मी आधीच मराठीत एक पानी करार केला होता. त्यात दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या लिहिल्या. एक, ते गायले म्हणून त्यांचा परफॉर्मर म्हणून हक्क, जो आपल्या कायद्यात ५० वर्षं राहतो. दुसरं, आलाप त्यांनी तिथल्या तिथे स्वतः रचला, म्हणजे ते त्या ट्रॅकचे सहसंगीतकारही झाले, नुसते गायक नाहीत. म्हणून रचनेत अर्धा वाटा त्यांचा, आणि रेकॉर्डिंगच्या पैशात तिसरा हिस्सा. लोककलाकाराला हातात पाचशे हजार टेकवून आवाज घेऊन जायचा आणि नंतर नाव पण द्यायचं नाही, हे इथे फार चालतं, आणि मला ते अजिबात मान्य नाही. करारावर सही करताना बुवांनी प्रत्येक ओळ वाचायला लावली, ते बरंच झालं.

मग डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे आपलं गाणं सगळ्या स्टोअरला पोचवणाऱ्या कंपनीचा फॉर्म. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर वेबसाइट, इन्स्टाचं नाव असलं काही नको. ट्रॅकची भाषा, संगीतकार, गायक, प्रत्येकाचं कायदेशीर नाव. आयएसआरसी म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-आकड्यांचा नंबर, तो डिस्ट्रिब्युटर देतो, पण आपल्याकडे लिहून ठेवायचा, कारण पुढे डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच नंबर लावायचा असतो. बीटपोर्ट, म्हणजे डीजे लोकांचं ऑनलाइन गाण्यांचं दुकान, त्यासाठी प्रकार नीट निवडायचा, तिथे यूके गॅरेज आणि बेसलाइनचा वेगळा रकाना आहे, हाऊसचा वेगळा, बेस आणि क्लबचा वेगळा, डीजे लोक तिथूनच शोधतात.

वाव, म्हणजे न दाबलेली मोठी ऑडिओ फाइल अपलोड करायला पावसात आमच्याकडे दिव्य करावं लागतं, लाईट गेली की टॉवर पण जातो, म्हणून लॅपटॉप घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचं, तिथे रेंज पकडते.

आणि सगळं भरून झाल्यावर पहिला ट्रॅक अडला. डिस्ट्रिब्युटरकडून मेल आला की आवाज दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डिंगमधून उचललेला दिसतो, परवाना दाखवा. आवाज इतका बारीक कापलेला की सॅम्पल वाटला असणार. मी न कापलेला पूर्ण आलाप, त्यात सुरुवातीला बुवा तंबोऱ्याच्या अ‍ॅपचा सूर लावून घेतात ते पण आहे, कराराचा स्कॅन आणि त्याचं इंग्रजी भाषांतर असं सगळं पाठवलं. तिकडून उत्तर येईना, परत तेच ठरीव वाक्य, परत पाठवलं. शेवटी कोणीतरी माणसाने बघितलं असावं, कारण मग एका ओळीत मंजूर झालं. कच्चं रेकॉर्डिंग डिलीट करू नका रे बाबांनो, कधीच.

या भानगडीत तारीख पुढे ढकलली. २०१५ पासून जगभर नवीन संगीत शुक्रवारी येतं आणि स्पॉटिफायला पिच करायचं, म्हणजे ट्रॅक त्यांच्या प्लेलिस्टसाठी सुचवायचा, तर निदान सात दिवस आधी करावं लागतं, तर फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडार या प्लेलिस्टमध्ये ट्रॅक नक्की येतो. त्यामुळे घाईने त्याच आठवड्यात टाकण्यापेक्षा एक शुक्रवार सोडून दिला तो बरा. पिचमध्ये मी "कोकणातल्या डबलबारी भजनाचा गायक, भीमपलासी, यूके गॅरेज" एवढंच इंग्रजीत सरळ लिहिलं.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकन कंपनीकडून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-एट बेन हा तिकडच्या टॅक्सचा फॉर्म भरा, त्यात पॅन नंबर टाकून भारत-अमेरिका टॅक्स-कराराचा दाखला दिला की तिकडच्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या ट्रॅकचे पैसेच निघत नाहीत, म्हणून आपल्यासारख्यांनी बँडकॅम्प या थेट गाणी विकायच्या साइटवर ठेवलंच पाहिजे, तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात, पेमेंटचा खर्च वेगळा जातो, बाकी आपले. आमचे आत्तापर्यंत आलेले बहुतेक पैसे बँडकॅम्पचेच आहेत, आणि घेणारे जास्त करून इंग्लंडचे. बुवांचा हिस्सा त्यांच्या खात्यात गेला, पासबुकात एंट्री मारून त्यांनी ती मला दाखवली पण.

आता राहिलंय आयपीआरएसचं. ही १९६९ पासूनची संस्था गीतकार, संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते, आणि बुवा सहसंगीतकार आहेत म्हणून त्यांनी स्वतः मेंबर व्हायला पाहिजे, माझ्या नावावर त्यांचा हिस्सा येऊन चालणार नाही. त्यांचं पॅन कार्ड आणि बँकेचे कागद गोळा केलेत, फॉर्म या आठवड्यात भरतो, कारण एकदा चतुर्थी जवळ आली की बुवांच्या बाऱ्या सुरू होतात आणि मग ते घरी सापडायचे नाहीत.