चित्रात उमटलेली वाट

एक संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवायची. आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच मिळवणी. फ्रॅक्टल चित्रांचा, म्हणजे कितीही आत शिरलं तरी नक्षीत नक्षी निघत राहणाऱ्या चित्रांचा, माझा सगळा छंद एवढ्या कृतीतून सुरू झाला. संगणकाकडे वळण्याआधी मी ती कागदावर करून पाहिली, आणि या वाटेला येणाऱ्या प्रत्येकाने ती तशी करावी असं मला मनापासून वाटतं. सुरुवात शून्यापासून. मिळवायची संख्या १ असेल तर ०, १, २, ५, २६, ६७७ अशी ती बघता बघता हाताबाहेर जाते. मिळवायची संख्या उणे १ असेल तर ०, उणे १, ०, उणे १ असं कायमचं मागे-पुढे चालू राहतं. पहिली पळाली, दुसरी अडकली.

हाच प्रश्न प्रतलावरच्या प्रत्येक बिंदूला विचारायचा. प्रत्येक बिंदू म्हणजे एक संमिश्र संख्या. आडवं अंतर हा वास्तव भाग, उभं अंतर हा काल्पनिक भाग. जे बिंदू अडकतात ते काळे करायचे, की मँडेलब्रॉट संच समोर येतो. शून्यापासूनचं अंतर एकदा २ च्या पुढे गेलं की संख्या परत येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे, म्हणून पळणाऱ्या बिंदूंच्या मागे संगणकाला अनंतापर्यंत धावावं लागत नाही.

या कृतीमागचं गणित पहिल्या महायुद्धाच्या काळातलं आहे. गणितज्ञ गास्तों ज्युलिया यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९१८ चा, आणि त्याच सुमारास पिएर फातू यांनीही स्वतंत्रपणे हेच काम केलं. त्या दोघांकडे ही रूपं पडद्यावर बघायची सोयच नव्हती. त्यांनी ती तर्काने ओळखली. १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हा शब्द देणारे बेन्वा मँडेलब्रॉट १९८० च्या सुमारास आयबीएममध्ये काम करत असताना त्यांच्या हाती संगणकाने छापलेली चित्रं आली. आज मी जे काही सेकंदांत बघते, ते ज्युलियाला आयुष्यभर नुसतं मनात धरून ठेवावं लागलं. एखादं चित्र पूर्ण होतं तेव्हा हे मला दरवेळी आठवतं.

पहिलं सॉफ्टवेअर घेतलं ते ‘केऑस’. नाव एक्सने सुरू होतं, पण उच्चार असाच. ते मोफत आहे आणि माउसचं बटण दाबून धरलं की थेट आत शिरता येतं, थांबून वाट बघावी लागत नाही. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. मध्यभागी काळी हृदयाकृती, तिच्या डावीकडे मोठं वर्तुळ, वर-खाली छोटे फुगे, फुग्यांवर आणखी छोटे फुगे, आणि सगळ्यांवरून निघालेल्या बारीक फांद्या. सुरुवातीला मी हरखून वाट्टेल तिथे जात होते. प्रत्येक ठिकाण सुंदरच निघतं, पण थोड्याच दिवसांत सगळी सुंदर ठिकाणं एकसारखी दिसायला लागतात. इथपर्यंत येऊन बरेच जण हा छंद सोडतात. मला पुढे नेलं ते नकाशा वाचण्याने.

हा नकाशा खरोखर वाचता येतो. हृदयाकृतीला चिकटलेला कुठलाही फुगा घ्या आणि त्याच्या टोकावरच्या फांदीचा पहिला मोठा सांधा शोधा. फुग्याकडे जाणारी फांदी धरून तिथे जितक्या फांद्या मिळतात, तितक्या पायऱ्यांचं चक्र त्या फुग्याच्या आत चालतं. वरच्या सर्वांत मोठ्या फुग्यावर तीन फांद्या मोजा: आतल्या संख्या तीन ठिकाणांवरून फिरत राहतात. डावीकडच्या मोठ्या वर्तुळाचं चक्र दोनाचं. या दोघांच्या मधला सर्वांत मोठा फुगा पाचाचा. तीन आणि पाच यांच्या मधला आठाचा, पाच आणि आठ यांच्या मधला तेराचा. हे स्वतः फांद्या मोजून पडताळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. आणि हे ज्ञान लगेच कामी येतं: पाच फांद्यांच्या फुग्याजवळ गेलात तर पाच हातांच्या भिंगऱ्या मिळतील, तेराच्या जवळ गेलात तर तेरा हातांच्या. कशा प्रकारची नक्षी हवी, ते आधी ठरवून तिथे जाता येतं.

हृदयाकृती आणि डावीकडचं वर्तुळ जिथे भेटतात, ती समुद्रघोड्यांची दरी. तिचा नेमका तळ उणे ०.७५ वर. या दरीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९९१ मध्ये डेव्हिड बोल यांच्या लक्षात आलं की त्या तळापासून सरळ ०.१ वर गेलं तर तो बिंदू पळायला ३३ आवर्तनं, म्हणजे वर्ग-मिळवणीच्या ३३ फेऱ्या, लागतात, ०.०१ वर ३१५, आणि ०.००१ वर ३१४३. अंतर आणि आवर्तनं यांचा गुणाकार करा: ३.३, ३.१५, ३.१४३. वर्तुळाचा ‘पाय’ (π) इथे, वर्ग आणि मिळवणीच्या खेळात, आपसूक निघतो! चित्र काढणाऱ्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की दरीत जितकं खोल जाल तितकी कमाल आवर्तनांची मर्यादा वाढवत न्यावी लागते. ती कमी ठेवली तर उशिरा पळणारे बिंदू अडकलेले समजले जातात आणि नाजूक शेपट्यांच्या जागी काळे गोळे दिसतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, त्याकडे येते.

संचात जागोजागी त्याच्याच छोट्या प्रती दडलेल्या असतात. हौशी लोक त्यांना मिनीब्रॉट म्हणतात; मी पिल्लू म्हणते. पिल्लाकडे सरळ खाली उतरत गेलं की सभोवतालची नक्षी आधी दुहेरी होते, मग चौपट, मग आठपट, सोळापट, आणि या पायऱ्या जवळजवळ येत येत शेवटी मधोमध काळा ठिपका उमटतो. याचं कारण पहिल्या परिच्छेदातल्या त्याच कृतीत आहे. संमिश्र संख्येचा वर्ग केला की तिचा कोन दुप्पट होतो. म्हणजे उलट्या दिशेने पाहिलं तर एका आकृतीच्या समोरासमोर दोन प्रती तयार होतात. पिल्लाजवळ ही उलटी पायरी पुन्हा पुन्हा घडते.

पण सरळच उतरायला हवं असं कुठे आहे? नक्षी दुहेरी झाली की मध्याकडे न जाता एका बाजूला वळायचं, एखाद्या शेपटीचं टोक निवडायचं आणि तिथलं पिल्लू शोधत खाली जायचं. बरंच खाली गेल्यावर, मघाशी जे संपूर्ण दृश्य मागे सोडलं होतं, तेच आता नव्या मध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक असं उभं असतं. पुन्हा बाजूला वळा, पुन्हा उतरा: त्या जोडीची जोडी होते. याला ज्युलिया मॉर्फिंग म्हणतात. मी पहिल्यांदा ते जाणीवपूर्वक केलं ते समुद्रघोड्यांच्या दरीत, उणे ०.७४३६ आणि ०.१३१८ च्या आसपास. एका भिंगरीच्या बाहेरच्या वेटोळ्यावर उतरले. भिंगऱ्या दोन झाल्या, मधे एक बारीक दांडी. दांडीच्या मध्यावर पिल्लू होतं, पण मी डावीकडच्या भिंगरीच्या टोकाला वळले. खूप खाली गेल्यावर दांडीने जोडलेल्या त्या भिंगऱ्यांच्या दोन जोड्या दिसल्या, मधे नवी दांडी, तिच्यावर बारीक काटे. तिसऱ्या वळणानंतर त्याचं झाड झालं: फांद्यांना फांद्या, प्रत्येक टोकाला भिंगरी, आणि प्रत्येक सांध्यावर मी तिथे कुठे वळले याची खूण.

‘सगळं संगणकच काढतो ना, तू काय करतेस?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर हे झाड आहे. सूत्र सगळ्यांचं एकच, जागा आधीपासूनच तिथे असते, पण खाली उतरताना घेतलेलं प्रत्येक वळण चित्रात उमटतं. वेगळी वळणं घेतली असती तर वेगळंच झाड आलं असतं. आता मी उतरायच्या आधी कागदावर ठरवते: आधी भिंगरी, मग दांडी, मग दांडीच्या टोकाची जोडी. कुठे वळायचं आणि किती उशिरा वळायचं, यावर फांदी लांब होणार की आखूड, हे ठरतं. उशिरा वळलं की जुन्या नक्षीचा भाग बारीक होत जातो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण पडतं.

अडचण येते ती खोलीची. संगणकाची नेहमीची दशांश संख्या पंधरा-सोळा अंकांपर्यंतच नेमकी असते. मोठेपणा, म्हणजे चित्र मूळच्या किती पट मोठं केलं तो आकडा, दहाच्या तेराव्या घाताच्या आसपास गेला की शेजारशेजारचे बिंदू संगणकाला वेगळे ओळखता येत नाहीत आणि चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटतं. चार-पाच वळणांचं झाड त्याच्या कितीतरी खाली असतं. प्रत्येक बिंदूसाठी शेकडो अंकांची गणितं करणं शक्य असतं, पण ते कमालीचं संथ. २०१३ मध्ये के. आय. मार्टिन यांनी यावर जी युक्ती मांडली तिने या छंदाचं रूपच पालटलं: चित्रातल्या एकाच बिंदूचा मार्ग पूर्ण अचूकतेने काढायचा, आणि बाकी सगळ्या बिंदूंचा त्याच्यापासूनचा फरक तेवढा साध्या संख्यांनी मोजायचा. ‘कॅलेस फ्रॅक्टलर’ हे मोफत सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतं आणि माझं खोल काम सगळं त्यातच होतं. कधीकधी फरक फार वाढून चित्रात सपाट डाग पडतात. तेव्हा त्या डागात असा पूर्ण अचूकतेने काढलेला दुसरा संदर्भबिंदू घेतला की ते भरून येतात.

जागा सापडली म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं रंगाचं, आणि माझा जास्त वेळ तिथे जातो. मुळात संगणकाच्या हाती प्रत्येक बिंदूमागे एक आकडा असतो: पळायला किती आवर्तनं लागली. तो आकडा रंगपट्टीवर लावला की पट्टेपट्टे दिसतात. ते घालवायला शेवटच्या पायरीत संख्या किती लांब पडली ते लॉगरिदमने मोजून आवर्तनांचा अपूर्णांक काढतात, आणि पळण्याची सीमा २ ऐवजी शेकड्यांत ठेवतात; मग रंग सलग उतरतो. खोल जागी आकड्यांचा पल्ला प्रचंड असतो, तेव्हा आकडा जसाच्या तसा वापरला तर रंगपट्टी केसाएवढ्या जागेत अनेकदा फिरते आणि नुसती कचकच दिसते. त्याचं वर्गमूळ किंवा लॉगरिदम घेतलं की ती शांत होते.

माझ्या आवडीचं मत सांगायचं तर, रंग कमी हवेत. इंद्रधनुष्यी पट्टी लावली की बघणाऱ्याला रंगच दिसतात, झाड दिसत नाही. मी आधी चित्र करड्या छटांमध्ये उभं करते. संचाच्या काठापासून प्रत्येक बिंदू अंदाजे किती दूर आहे हे मोजण्याची एक पद्धत आहे. ती वापरली की केसाहून बारीक फांद्याही ठळक रेषांसारख्या उमटतात. करड्या छटांत झाड उभं राहिलं तरच रंग, तोही दोन-तीन छटांचा. थर एकावर एक ठेवायचे असतील तर ‘अल्ट्रा फ्रॅक्टल’ सोयीचं पडतं, मात्र ते विकत घ्यावं लागतं.

इतर वाटाही आहेत. स्कॉट ड्रेव्हज यांच्या १९९२ च्या पद्धतीवरची धुरासारखी तरळणारी फ्लेम चित्रं ‘अपोफिसिस’मध्ये करता येतात, २००९ मध्ये डॅनियल व्हाइट आणि पॉल नायलँडर यांच्या सूत्रांतून त्रिमितीय मँडेलबल्ब आला. दोन्ही मी करून पाहिले. बल्बच्या गुहांमध्ये प्रकाश लावताना मन रमतं, पण मला फांद्या मोजता येत नाहीत तिथे मी फार टिकत नाही.

छापायचं असेल तर आकाराचा विचार आधीच करावा. ए३ कागदावर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. मी दोन्ही बाजूंनी तिप्पट आकारात काढून मग लहान करते, म्हणजे फांद्यांच्या कडा दातेरी होत नाहीत. गणनेला मात्र नऊपट वेळ जातो, तो रात्रीवर सोपवावा. पडद्यावरचा झळझळीत निळा छपाईच्या शाईत बसत नाही. तो आधीच थोडा उतरवून ठेवला तर कागदावर धक्का बसत नाही. आणि प्रत्येक वळणावर जागेचे अंक, मोठेपणा आणि कमाल आवर्तनं असलेली फाइल जपून ठेवावी. फक्त शेवटची ठेवली तर त्याच जागी परत जाता येतं, पण मधल्या वळणावरून दुसरी फांदी काढता येत नाही.

सध्या मी संचाच्या डावीकडे सरळ पसरलेल्या बारीक सुईवर काम करते आहे, उणे १.७५४९ जवळच्या तीन पायऱ्यांच्या पिल्लाभोवती. तिथली नक्षी ताठ आणि काटेरी आहे, वर-खाली आरशासारखी. भिंगऱ्या हव्या असतील तर त्या पिल्लाच्या स्वतःच्या समुद्रघोड्यांच्या दरीत शिरावं लागतं, आणि तिथून वळलं की भिंगऱ्यांच्या सभोवती सुईचे काटेही सोबत येतात. दोन वळणं झाली आहेत. तिसरं काट्याच्या टोकावर घ्यायचं की भिंगरीच्या पोटात, ते अजून ठरायचं आहे; दोन्हीकडच्या करड्या प्रती काढायला लावल्या आहेत.