साधं विचारलं, तर उलट प्रश्न का?

माझा भाचा म्हणतो, "मावशी, तुला किती वाजले विचारलं ना, तर तू आधी विचारशील, कुठल्या घड्याळात?"

असं म्हणणारा तो एकटा नाही. कॉम्प्युटर बिघडला, चार्जर हरवला, मुलांचं भौतिकशास्त्रात काही अडलं, की ओळखीपाळखीतले लोक मला फोन करतात. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं आणि मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजायचं यंत्र) हातात धरून बरीच वर्षं झाली, म्हणून. आणि बोलता बोलता कुणीतरी वैतागून म्हणतोच, "अहो, मी एक साधं विचारलं, तर तुम्ही मलाच चार प्रश्न विचारताय. सरळ उत्तर का देत नाही?"

विचारलंत म्हणून सांगते. भाच्याच्या घड्याळापासूनच सुरुवात करते, कारण एकदा सगळं प्रकरण खरोखरच घड्याळाशी येऊन थांबलं होतं.

एका मैत्रिणीने विचारलं, "राऊटर कोणता घेऊ?" याला सरळ उत्तर आहे. दोन-तीन मॉडेलं सांगायची आणि फोन ठेवायचा. मी विचारलं, जुन्याला काय झालं? म्हणाली, इंटरनेट बंद पडलंय, एकही वेबसाइट उघडत नाही. फोनवर, त्याच वाय-फायवर उघडते का? हो, फोनवर उघडते. म्हणजे राऊटर निर्दोष सुटला. मग कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर नक्की काय लिहून येतं? "काहीतरी सुरक्षित नाही, असं." यानंतरचा माझा प्रश्न तिला अगदीच वेड्यासारखा वाटला. स्क्रीनच्या कोपऱ्यात आज तारीख कोणती दिसतेय?

तारीख कित्येक वर्षं मागची होती.

मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटवर, बटणासारखा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२. नावातले आकडे म्हणजे त्याचं माप : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. कॉम्प्युटर बंद असला तरी आतलं घड्याळ या सेलवर चालू राहतं. त्या घड्याळात क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत असतो. आकडा विचित्र दिसतो, पण तो २ चा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला नेमका एक ठोका हाती येतो. (हे मला आजही फार देखणं वाटतं. मैत्रिणीला वाटलं नाही.) सेल संपला की घड्याळ पुसलं जातं आणि कॉम्प्युटर कारखान्यात ठरवून दिलेली जुनी तारीख धरून बसतो. आता, प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ही सगळी प्रमाणपत्रं अजून जन्माला यायची होती, म्हणून तो एकाही साइटवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. एरवी इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळते, पण तिच्याकडे ती सोय कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवली होती.

मी सरळ राऊटरचं नाव सांगितलं असतं, तर ते उत्तर चूक ठरलं नसतं. राऊटर चांगलाच आला असता. फक्त वेबसाइट उघडल्या नसत्या.

बहुतेक वेळा असंच होतं. माणूस लक्षण घेऊन येत नाही, निदान घेऊन येतो. काय झालं ते त्याने पाहिलेलं असतं, त्यावर रात्रभर विचार केलेला असतो, एक निष्कर्ष काढलेला असतो आणि त्या निष्कर्षाच्या पुढचा प्रश्न तो मला विचारतो. पाहिलेलं मात्र तो स्वतःपाशीच ठेवतो, कारण त्याच्या दृष्टीने ते काम झालेलं असतं. हुशार माणसं हे जास्त करतात. ज्याला काहीच कळत नाही तो बिचारा "बटण दाबलं, टक् असा आवाज आला आणि अंधार झाला" एवढंच सांगतो, आणि ते सोन्यासारखं असतं. ज्याला थोडं कळतं तो म्हणतो, "व्होल्टेज रेग्युलेटर गेलाय." मग त्याला मागे मागे नेत त्या "टक्"पर्यंत पोचायला मला अर्धा तास लागतो.

चार्जरचं बघा. "माझ्या चार्जरवर २ अँपिअर लिहिलंय आणि हा नवा ३ अँपिअरचा आहे, लावला तर जळेल का?" या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते : चार्जर तीन अँपिअर ढकलतो आणि उपकरणाला ते मुकाट गिळावे लागतात. तसं नसतं. व्होल्ट चार्जर ठरवतो, करंट किती घ्यायचा ते उपकरण ठरवतं. लेबलवरचे अँपिअर ही चार्जरची कमाल ताकद असते. तेव्हा ३ अँपिअरने काही जळत नाही. जळतं ते व्होल्ट चुकल्यावर, नाहीतर गोल पिनेच्या चार्जरमध्ये धन-ऋण उलटे असल्यावर. पिन तशीच, घट्ट बसते, आणि आत मात्र मधला भाग धनऐवजी ऋण. लेबलवर त्यासाठी एक छोटंसं चित्र असतं, एक ठिपका आणि त्याभोवती अर्धवट वर्तुळ, त्याच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून ज्यांना अँपिअरचं उत्तर हवं असतं त्यांना मी उलट विचारते : व्होल्ट किती लिहिलेत? पिन कसली आहे? चित्रात अधिक चिन्ह मधल्या ठिपक्याला जोडलंय की बाहेरच्या वर्तुळाला?

यूएसबी टाइप-सी असेल तर मात्र मी बरीच निर्धास्त असते. तिथे चार्जर आधी ५ व्होल्टच देतो. मग दोघांचं बोलणं होतं, उपकरण आपल्याला काय हवं ते मागतं, आणि तेव्हाच व्होल्ट वाढतात. २०२१ पासूनच्या नियमांत हे ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत जाऊ शकतं. गंमत म्हणजे केबललाही या बोलण्यात मत असतं. ३ अँपिअरच्या वर जायचं असेल तर केबलच्या टोकात एक चिप लागते, ती सांगते की मला एवढं झेपेल. "नवा चार्जर घेतला तरी लॅपटॉप हळूच चार्ज होतो" अशा तक्रारीत मी आधी केबलची चौकशी करते ती यामुळे.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचं, म्हणजे घरातली वीज त्याला लागेल तशी करून देणाऱ्या आतल्या डब्याचंही हेच. ६५० वॅटचा बसवला म्हणून सतत ६५० वॅट खर्च होत नाहीत. हे एकदा कळलं की अर्ध्या शंका विरून जातात.

काही प्रश्नांना मी एका वाक्यात उत्तर देते. "१ टेराबाइटची डिस्क घेतली आणि ९३१ गिगाबाइटच दिसतात, फसवलं का?" नाही. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजून नाव तेच लावतं. बाइट तेवढेच आहेत. पुढचा.

भौतिकशास्त्राचे प्रश्न आले की लोकांना वाटतं, इथे तरी उलटतपासणी नको, नियम ठरलेले आहेत. पण "तारेतून वीज किती वेगाने जाते?" हा प्रश्न घ्या. भाच्यानेच विचारला होता, शाळेत असताना. मी म्हणाले, वीज म्हणजे काय धरतोयस? तो चिडला. पण उत्तरं खरंच वेगळी आहेत. दिवा लागण्याचा निरोप केबलमधून जातो प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन लाख किलोमीटर. आणि इलेक्ट्रॉन? १ चौरस मिलिमीटर आडव्या छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर करंट वाहतोय असं धरा. हिशेब सोपा आहे, आम्ही दोघांनी वहीत केला. एका घनमीटर तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे ८५ वर २७ शून्यं इतके. एवढी गर्दी असली की प्रत्येकाला फार सरकावं लागत नाही. उत्तर आलं सेकंदाला ०.०७ मिलिमीटर. तासाभरात जेमतेम वीतभर.

त्याने तीन वेळा गुणाकार तपासला. मग म्हणाला, तर मग दिवा लगेच कसा लागतो? हाच प्रश्न मला हवा होता. मालगाडीला इंजिनाने हिसका दिला की खडखडाट शेवटच्या डब्यापर्यंत धावत जातो, डबे मात्र तोवर हातभरसुद्धा हललेले नसतात. त्यात घरातला प्रवाह तर सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होणारा. त्या तारेतला इलेक्ट्रॉन कुठेच जात नाही, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतरात तो जागच्या जागी डुलत राहतो. वीजकेंद्रातला इलेक्ट्रॉन तुमच्या दिव्यापर्यंत कधी येतच नाही. "सेकंदाला दोन लाख किलोमीटर" एवढं सांगून मी मोकळी झाले असते, तर तो ते पाठ करून परीक्षेला गेला असता आणि ही मजा बुडाली असती.

आता माझी फजिती. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील, कारण उलट प्रश्न विचारायची सवय मला तिथूनच लागली.

चुलतभावाचा कॉम्प्युटर मधेच बंद पडायचा. दादाने फोनवर बरंच काही सांगितलं. मी घाईत होते. मी म्हणाले, मल्टिमीटर आहे ना, १२ व्होल्टची पिवळी तार मोज. त्याने मोजलं : १२.०४. ठरलेली मर्यादा पाच टक्के वर-खाली, म्हणजे ११.४ ते १२.६. मी निकाल देऊन टाकला, पॉवर सप्लाय ठणठणीत आहे, रॅम बघ. त्याने रॅम बदलली. मग ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली. तीन आठवडे तो माझ्या शब्दावर एकेक भाग बदलत राहिला आणि कॉम्प्युटर बंद पडत राहिला.

शेवटी मी स्वतः गेले, माझ्याकडचा दुसरा पॉवर सप्लाय जोडून पाहिला, आणि दुखणं नाहीसं झालं. जुना घरी आणून उघडला तर आत दोन इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरांची टोपणं टम्म फुगलेली. कॅपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. मग डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर, उरलेल्या लाटा सपाट करायचं त्याचं काम त्याला जमत नाही. १२ व्होल्टवर अशा लाटा १२० मिलिव्होल्टपर्यंत चालतात, त्याहून मोठ्या झाल्या की मदरबोर्ड भंजाळतो. मल्टिमीटर डीसीवर ठेवला की तो सरासरी दाखवतो. लाट कितीही उसळली तरी त्याच्या लेखी १२.०४. ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो, व्होल्टची चढउतार पडद्यावर रेखाटून दाखवणारं यंत्र. शिवाय दादाने मोजलं तेव्हा कॉम्प्युटर रिकामा बसलेला होता.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. पहिल्याच फोनवर तो म्हणाला होता, "सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीनदा बटण दाबावं लागतं, मग दिवसभर ठीक असतो, गेम लावला की पडतो." सुकत चाललेल्या कॅपॅसिटरचं याहून चोख वर्णन पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. गार असताना त्याचा रोध जास्त असतो, जरा ऊब मिळाली की तो कसंबसं काम रेटतो, आणि भार वाढला की हात टेकतो. दादाने सगळं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण माझ्याजवळ एक आकडा होता.

तेव्हापासून मी "किती" विचारण्याआधी "केव्हा" विचारते. बिघाड केव्हा होतो, गार असताना की तापल्यावर, रिकामा असताना की कामात, काही नवं लावल्यावर की काही काढल्यावर. लोकांना ही टाळाटाळ वाटते.

काही वेळा मात्र मी एकही प्रश्न विचारत नाही. "फोनची पाठ फुगलीय, दाबून बसवू का?" दाबू नको, टोचू नको, चार्जिंगला लावू नको, आत्ता बंद कर. "पॉवर सप्लाय उघडून बघतो" म्हणणाऱ्यालाही तेच. प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर काही वेळ ४०० व्होल्टच्या आसपास उरलेले असू शकतात. मीही उघडते, पण तो रिकामा करून, आणि रिकामा झालाय हे मोजून. आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून थेट सॉकेटमध्ये टोकं घालायला निघालेल्या माणसाला "तुला नक्की काय मोजायचंय?" विचारण्यात अर्थ नसतो. तिथे ओरडायचं असतं.

परवा भाच्याचा फोन आला. आता तो नोकरी करतो.

"मावशी, लॅपटॉपखाली ठेवायला पंखा कोणता चांगला?"

"का रे, काय झालं?"

"तापतो खूप. आणि हळू होतो."

"तापतो म्हणजे किती?"

"हे बघ, सुरू झालीस. थांब, या वेळी मी तयारीत आहे. सेन्सर वाचलाय. ९४ अंश."

मी मनातून खूश झाले. प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला आपणच वेग कमी करतो, तेव्हा हळू होण्याचा उलगडा तिथेच झाला होता. "शाबास. काय चालू होतं तेव्हा?"

"विशेष काही नाही. सिनेमा बघत होतो."

"आणि लॅपटॉप कशावर ठेवला होतास?"

फोनवर बराच वेळ शांतता.

"उशीवर."