डिक्शनरीत नोंद: भर पडली की जुने पुसले गेले?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत डिक्शनरीत, म्हणजे प्रत्येक ‘की’समोर (ओळखीच्या नावासमोर) तिची व्हॅल्यू (मूल्य) ठेवणाऱ्या संग्रहात, नोंद करणे फारच सोपे आहे. डिक्शनरीच्या नावापुढे चौकटी कंसात ‘की’ लिहायची, बरोबरचे चिन्ह द्यायचे आणि व्हॅल्यू लिहायची. ती ‘की’ आधी नसेल तर नवी नोंद तयार होते. असेल तर जुनी व्हॅल्यू पुसली जाऊन तिथे नवी बसते, आणि दोन्ही वेळा पायथन अवाक्षरही काढत नाही.

याचा फटका मला एका मोठ्या मजकुराची शब्दसूची करताना बसला. शब्द ही ‘की’ आणि तो ज्या पानांवर आला त्यांचे क्रमांक ही व्हॅल्यू, असा बेत होता. प्रोग्राम विनातक्रार चालला. मात्र ‘नदी’पुढे एकटा २१२ उभा होता. तो शब्द ४ आणि ५७ या पानांवरही होता, पण प्रत्येक नव्या पानाने आधीचे पान पुसून टाकले होते. सेटडिफॉल्ट ही डिक्शनरीची मेथड (तयार क्रिया) अशा वेळी नेमकी उपयोगी पडते: शब्द नवा असेल तर ती त्याच्या नावे आपण दिलेली रिकामी लिस्ट (यादी) ठेवते, जुना असेल तर आधीचीच लिस्ट परत देते, आणि आपण फक्त पानाचा क्रमांक तिच्या शेवटी जोडायचा, म्हणजे ॲपेंड करायचा. नसलेल्या ‘की’ची नोंद आपोआप करणाऱ्या डिफॉल्टडिक्ट या डिक्शनरीच्या प्रकारानेही हे साधते. परंतु तिथे चौकटी कंसातून नसलेली ‘की’ नुसती वाचली तरी नोंद तयार होते, म्हणून मी ते जपून वापरतो.

सी शार्प या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतील डिक्शनरीची ॲड ही मेथड तीच ‘की’ पुन्हा दिल्यास सरळ एक्सेप्शन देते, म्हणजे चूक झाल्याचे सांगते. मला हा कडकपणा आवडतो, कारण चूक जिथे होते तिथेच ती समजते. पायथनमध्ये ही खबरदारी आपणच घ्यावी लागते: पुनरावृत्ती अपेक्षित नसेल तर लिहिण्यापूर्वी ‘की’ आधीच आहे का, हे ‘इन’ वापरून तपासावे. अपडेट या मेथडने, किंवा ३.९ आवृत्तीपासून उभ्या रेषेच्या चिन्हाने, दोन डिक्शनऱ्या एकत्र करतानाही समान ‘की’ असल्यास नंतरच्या डिक्शनरीतील व्हॅल्यूच टिकते.

लिस्ट ‘की’ म्हणून चालत नाही, टाइपएरर हा चुकीचा संदेश येतो; तिथे निदान चूक लपत नाही. लपते ती वेगळ्याच ठिकाणी. पायथनच्या लेखी १ आणि ट्रू (‘खरे’ हे मूल्य) समान असल्यामुळे, १ या ‘की’ची नोंद असताना ट्रू या ‘की’ने व्हॅल्यू लिहिली, तर डिक्शनरीत नोंद एकच राहते: ‘की’ जुनी, म्हणजे १, आणि व्हॅल्यू मात्र नवी.