परत रस करून दाखव

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून ग्रुपवर चार वेळा मेसेज आला तेव्हा कुठं लिहायला बसलोय, आणि आठवतंय काय तर गुऱ्हाळ!

आठवीत सायन्सच्या सरांनी भौतिक बदल आणि रासायनिक बदल शिकवला. मी आपलं पाठ करून टाकलं, परत पहिल्यासारखं होतंय ते भौतिक, होत नाही ते रासायनिक. सर म्हणाले, "तुझी आई गिरणीतनं ज्वारी दळून आणती न्हवं, त्या पिठाची परत ज्वारी करून दाखव बघू." वर्ग हसला, मी गप खाली बसलो. पीठ म्हणजे बारीक झालेली ज्वारीच की, नवीन पदार्थ कुठं तयार झाला?

दिवाळीनंतर सर सगळ्या पोरांना घेऊन आमच्याच गुऱ्हाळावर आले. चुलवाणात चिपाडं ढणाढणा जळत होती, त्यांची राख होती म्हणजे ते रासायनिक, ते कुणीही सांगेल. मजा काहिलीत होती. रसातलं पाणी वाफ होऊन उडतंय ते भौतिक, आणि त्याच काहिलीत, त्याच वेळी, थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतंय ते रासायनिक. रस आंबट असला तर हे जास्त होतं म्हणून चुन्याची निवळी घालायची. आमचे आबा आयुष्यभर ओरडायचे, ऊस तोडला की लगेच गाळा, शिळ्या उसाचा गूळ धरत नाही, मऊ पडतो. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सर म्हणाले शिळ्या उसात साखर आधीच फुटलेली असती, अन् असला गूळ हवेतलं पाणी ओढतो. आबा नुसते "हां" म्हणाले, पण खूश झालेले दिसले (एरवी मास्तर लोकांशी त्यांचं फारसं जमायचं नाही).

गुळव्यानं पाक गार पाण्यात टाकून गोळी बघितली आणि आधण उतरवलं. मला अजून हार मानायची नव्हती, गुळाचा खडा तांब्यात विरघळवला आणि म्हटलं, सर, हा बघा परत रस!

सर म्हणाले, "विरघळला तो भौतिकच. पण काहिलीत जे फुटलं ते कुठनं जोडणार?"

गुळव्यानं तांब्या घेतला, एक घोट प्याला आणि म्हणाला, "पोरा, हे पानकं हाय. रस पायजे तर चरकाकडं जा."