संकष्टीचा चंद्र, इथला आणि तिकडचा

संकष्टीच्या रात्री आमच्या सोलापुरात गच्चीगच्चीवर कोण ना कोण तरी पूर्वेकडं तोंड करून उभं असतंच. आमच्या घरात ही ड्युटी सगळ्यात रिकामटेकड्या माणसाची, म्हणजे माझी. खालनं आई दर पाच मिनिटांनी, "निघाला काय रे?" शेजारच्या काकूंचं पण तेच.

व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबईचा टाईम फिरत असतो, त्याचं ऐकायचं नाही. सोलापूर मुंबईच्या तीन अंश पूर्वेला, त्यामुळं चंद्र आपल्याकडं साधारण बारा मिनिटं आधीच येतो. (दाते पंचांग सोलापुरातनं अख्ख्या महाराष्ट्रात जातं आणि आपण मुंबईचा टाईम बघत बसायचं, हे आईला अजिबात मान्य नाही.) पण ती वेळ क्षितिजाची, आणि आमच्या क्षितिजावर पाच मजली अपार्टमेंट आहे, ते चढून यायला त्याला अजून पंधरावीस मिनिटं लागतात, मग टाकीच्या कडेनं हळूच निघतो, उन्हाळ्यात धुळीनं तांबूस आणि वरच्या अंगाला जरासा चेपलेला, हातातनं पडलेल्या स्टीलच्या डब्यासारखा. पौर्णिमा होऊन गेली की उगवताना त्याची उजेडाची बाजू खाली असते, सूर्य मागनं खालनं यायलाय ना, म्हणून तो चेपका वर दिसतो.

तर पोटात कावळे ओरडायला लागले की माझ्या डोक्यात भलतंच सुरू होतं. अंगारकी मंगळाच्या नावाची, मग ती मंगळावरच जाऊन केली तर? तिथं दोन चंद्र, फोबोस आणि डिमोस, 1877 साली सापडलेले. फोबोस एवढुसा की त्याच्यावरनं अक्कलकोटला निघालं तर अर्ध्या वाटेच्या जरा पुढं तो संपलाच, 22 किलोमीटरच्या आसपास. पण पळतो लई. मंगळाचा दिवस साडेचोवीस तासांचा आणि ह्याची फेरी 7 तास 39 मिनिटांत, म्हणून तो पश्चिमेला उगवतो आणि सव्वाचार तासांत पूर्वेला मावळून मोकळा. अमावस्या ते अमावस्या पावणेआठ तासांच्या आत, म्हणजे दिवसाला तीन संकष्ट्या, नाष्टा कधी करायचा सांगा! उलट डिमोस उगवला की जवळपास अडीच दिवस मावळतच नाही, तो बरा.

बुध आणि शुक्राला चंद्रच नाही, तिथं उपवास धरला की धरलाच. गुरूचा गॅनिमीड 5268 किलोमीटरचा, बुधापेक्षा मोठा, दर्शन काय झकास होईल, पण गुरूवर उभं राहायला जमीनच नाही, गच्ची कुठं बांधणार?

शनीचं तर विचारूच नका. 2025 च्या मार्चमध्ये त्याचे 128 नवीन चंद्र एकदम मंजूर झाले आणि आकडा 274 वर गेला, त्यातले बरेच नुसते काही किलोमीटरचे दगड. टायटन सोडला तर कोणाला बघून ताट वाढायचं कळणार नाही आणि सगळ्यांना नैवेद्य म्हटलं तर मोदक किती वळायचे. मी हा हिशोब आईला सांगितला, तर ती म्हणाली, "शनीला तेल घालत्यात, मोदक नाही."